मालकांचा ताबा कुणाकडे?

राजारामपुरीतल्या त्या घरात मी राहायला गेले त्या दिवशी माझ्या सामानाचा पंचनामा झाला. मी शिकवणीच्या क्लासमध्ये गणित शिकवायला कोल्हापुरात आलेली, सोबत एक गादी, दोन पिशव्या, एक आरसा. रिक्षातून सामान उतरतंय तोवर घरमालक खाकी फाईल बगलेत मारून पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "थांबा म्याडम. आदी लिवून घिऊ."

मग त्यांनी उभ्याउभ्या लिहिलं: एक गादी, मध्ये खोलगट. एक आरसा, डाव्या कोपऱ्यात तडा, सदर तडा भाडेकरूच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वीचा. पंच म्हणून रिक्षावाल्याची सही घेतली आणि समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंची. त्या बाई इतक्या सहज येऊन सही करून गेल्या, की मला कळलं, हे त्यांच्या रोजच्या कामातलं आहे. आपण कुठे येऊन पडलो, असा विचार मनात आला खरा, पण खोलीला दोन खिडक्या होत्या.

मालक कोर्टातून निवृत्त झालेले बेलीफ. समन्स बजावायचं, दार उघडलं नाही तर दारावर डकवायचं, जप्ती आणायची, हरलेल्याकडून जागा घेऊन जिंकलेल्याच्या हाती द्यायची, हे त्यांनी पस्तीस वर्षं केलं. नोकरी सुटली, सवयी सुटल्या नाहीत. दार वाजवलं की ते तीन पावलं मागे सरायचे आणि उजव्या अंगाला उभे राहायचे. कारण पस्तीस वर्षांत दारातून त्यांच्या अंगावर बरंच काही आलं होतं. आमटी, वहाणा, एक कोंबडा आणि एकदा तर त्या घरातली म्हातारीच. गंमत म्हणजे ते स्वतःच्या घराचं दार वाजवूनसुद्धा तसेच उभे राहायचे. घरात कुणी नसायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. दोन मिनिटं वाट बघून मग किल्ली काढायचे.

बोलण्यात एकच शब्द, ताबा. शेजारचं मांजर माझ्या खिडकीत येऊन बसायला लागलं, तर मी हाकलताना त्यांनी मला अडवलं. "दोन वर्सं त्या खिडकीत बसतंय त्ये. वहिवाट हाय त्याची. तुम्ही मागनं आला." माझी स्कूटर लावायला त्यांनी खडूने चौकोन आखून दिला, आणि मागचं चाक चार बोटं बाहेर आलं की वर येऊन सांगायचे. हक्काबद्दल विचारलं की हात झटकायचे. "हक्काचं कोर्टाला इचारा. मला फकस्त ताबा इचारा."

त्यांच्या घरी कुणाचं येणंजाणं नव्हतं, आणि त्यांना कुणी बोलवायचं नाही. एका ओळखीच्याकडच्या लग्नात ते आपण होऊन गेले होते म्हणे, आहेर घेऊन. नवऱ्या मुलाच्या बापाने लांबून खाकी पाकीट पाहिलं आणि मांडवाच्या मागच्या कनातीखालून जो पसार झाला तो अक्षता पडल्यावरच परत आला. पाकिटात आहेर होता. मालक ही गोष्ट हसून सांगायचे, पण त्यानंतर कुठल्या लग्नाला गेल्याचं मी ऐकलं नाही.

त्यांच्या बैठकीत, जिथे लोक देवाची तसबीर लावतात, तिथे एक टाईप केलेलं पत्र फ्रेम करून लावलेलं होतं. मेडिकल कॉलेजचं. त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला होता, त्याला आलेलं उत्तर. पहिलीच ओळ होती, 'आपल्या संकल्पाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.' मी कुतूहलाने वाचत होते तर मागून म्हणाले, "पस्तीस वर्सं दारादारात गेलो म्याडम. या, बसा, असं एकानं म्हटलं न्हाई. बिचाऱ्यांनी म्हणावं तरी कशाला? पर ह्या लोकांनी बगा, स्वागत लिवलंय. मग जाया नको?"

मी हसले. नंतर खोलीत गेल्यावर मात्र माझं हसू गेलं. मला त्यांची दया आली, आणि सामानाचा पंचनामा करणाऱ्या माणसाची आपल्याला दया यावी याचा रागही आला.

देहदानाचं खरं मूळ कबनूरच्या एका दारात होतं. ती हकीकत मी त्यांच्याकडून निदान सहा वेळा ऐकली. कबनूरमधल्या एका यंत्रमागवाल्याच्या नावाचं समन्स घेऊन मालक गेले होते. पोचले तर मागवाला त्याच सकाळी गेलेला. दारात तिरडी, आणि तिरडीच्या दोन्ही बाजूंना दोन घरं. एकीकडे थोरली बायको आणि तिचं माहेर, दुसरीकडे धाकटी आणि तिचं. अग्नी कुणाच्या मुलाने द्यायचा यावरून सकाळपासून जुंपलेली. तिरडी दोन वेळा उचलली होती आणि दोन वेळा खाली ठेवली होती, एकदा तर उलट्या दिशेने. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "कोर्टाचा माणूस आलाय! त्योच सांगंल!"

"माझ्याकडं काय अधिकार न्हवता बगा," मालक सांगायचे. "माझ्याकडं मेलेल्याचं समन्स हुतं फकस्त. पर शंभर माणूस माझ्या तोंडाकडं बगायलंय. मी म्हटलं, अग्नी थोरलीच्या पोरानं द्यायचा, रक्षा धाकटीनं न्यायची. पंच कोण हाय ह्यात?"

आणि ऐकलं लोकांनी. सगळ्यांना काहीतरी मिळालं होतं. मालकांनी समन्सच्या मागे शेरा मारला, 'प्रतिवादी मयत. समक्ष पाहिले,' आणि परत फिरले. पण ती उलटसुलट फिरणारी तिरडी त्यांच्या डोक्यातून गेली नाही. आपल्या मढ्यावरून असं होता कामा नये, हे त्यांनी एस.टी.तच ठरवलं.

मी एकदा म्हटलं, "मालक, मग मृत्युपत्रात लिहून टाका की. संपला विषय."

त्यांनी माझ्याकडे, बेरीज चुकलेल्या पोराकडे मी बघते तसं बघितलं. "मृत्युपत्रात घर लिवा, गाडी लिवा, म्हस लिवा. सवताचं मढं लिवता येत न्हाई. का? तर त्ये कुणाची मालमत्ताच न्हाई. माझीबी न्हाई. मी जित्ता हाय तवर फॉर्म बोलतोय. मी गेलो की फॉर्म गप्प, आणि बोलायचं घरच्यांनी. ज्याच्या ताब्यात मढं, त्यानं होय म्हटलं तरच कॉलेज नेणार. घरातलं येक माणूस न्हाई म्हटलं की गाडी दारातनं माघारी." मग खाली बघून म्हणाले, "हयातभर मी दुसऱ्याला ताबा दिलो. आणि माझा मला घेता यीना."

घरचे म्हणजे दोन माणसं. पहिला मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करणारा, स्वभावाने गरीब, सही मागितली की म्हणायचा, "बघू हो बाबा." मालक चिडायचे. "बगू हा शब्द कुठल्या कायद्यात हाय ते दाखीव मला."

दुसऱ्या आक्का. मालकांची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. गडहिंग्लजच्या पुढे, जिथून मराठीत कानडी मिसळायला लागते तिथलं त्यांचं गाव. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी आल्या, आईच्या मागे या भावाला वाढवलं आणि शेत सांभाळलं. भावाला त्या त्यांच्याकडच्या रीतीने 'तम्मा' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. सत्तरीतल्या, निवृत्त बेलीफाला कुणी तम्मा म्हटलं की मला हसू दाबावं लागे. आक्कांचा देहदानाला सरळ नकार होता. कायद्याने पहिला अधिकार मुलाचा, पण मुलगा आत्याच्या शब्दाबाहेर नव्हता. मालक परिस्थिती एका वाक्यात सांगायचे. "कागदावर ताबा पोराचा. वहिवाट आक्काची."

यावर उपाय म्हणून त्यांनी जे काढलं, त्यात माझा हात आहे. म्हणजे घोटाळ्यात.

त्यांनी स्वतःच्या मरणाची रंगीत तालीम ठेवली. रविवारी सकाळी नऊ वाजता. मुलगा सुट्टीला आला होता, त्याला सगळं एकदा हातून करवून घेतलं की पुढे 'बघू' म्हणणार नाही, असा हिशेब. आदल्या दिवशी मला वेळापत्रक मिळालं. नऊला मालक जाणार. नऊ-दोनला मुलाने त्यांच्या खिशातला चष्मा काढून ठेवायचा. नऊ-चारला मी फोन करायचे. यादीत चार नावं होती, डॉक्टर, मेडिकल कॉलेज, वकील, आक्का, आणि प्रत्येकापुढे काय बोलायचं तेही लिहिलेलं.

"डॉक्टरला आणि कॉलेजला खरा फोन लावायचा न्हाई हं," त्यांनी मला बजावलं. "वकिलाला बी न्हाई. त्यो फी लावतोय." तेवढ्यात खाली दुधवाला ओरडला आणि ते गेले. आक्कांचं राहिलं. मला वाटलं, बहिणीला आधीच सांगितलेलं असणार. सख्ख्या बहिणीला न सांगता कुणी मरतं का?

नऊला मालक चटईवर आडवे झाले. डोळे मिटले, हात सरळ. नऊ-चारला मी आक्कांना फोन लावला आणि कागदावर होतं ते जसंच्या तसं वाचलं. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते, की मालक आज आपल्यातून गेले. पुढील निर्णयासाठी आपण यावे.'

पलीकडून एकच शब्द. "कवा?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, चोख, म्हटलं, "नऊ वाजता." फोन बंद झाला.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी चटईजवळ जाऊन विचारलं, "मालक, आक्कांनी फोन ठेवला. परत लावू का?"

मालक बोलले नाहीत. मेलेल्याने मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. मी दोनदा विचारलं. त्यांची एक भुवई हलली, पण नियम म्हणजे नियम. मुलगा सहीच्या जागा शोधण्यात गुंतलेला. पावणेदहाला मालक उठून बसले, वेळा लिहून घेतल्या, म्हणाले, "चष्म्याला उशीर झाला. फोनचं सोंग झ्याक झालं. आक्काच्या वेळी तर तुमचा आवाज बी कापला."

"कापणारच," मी म्हटलं. "त्यांनी 'कवा' विचारलं ना."

मालकांच्या तोंडाचा रंग गेला. "कुणी इचारलं?"

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि उलटा केला. मागच्या बाजूला, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'तालमीचे दिवशी एकही फोन खरा लावू नये.' गणिताच्या मास्तरणीने पान उलटून बघितलं नव्हतं. मग आम्ही तिघांनी आळीपाळीने फोन लावले. आक्कांच्या घरात नुसती घंटा वाजत होती. गाव निघालं होतं.

बारा वाजता कोपऱ्यावर दोन जीप थांबल्या. बायका कोपऱ्यापासूनच हंबरडा फोडत आल्या, पुरुष मान खाली घालून मागे. बावीस माणसं. सगळ्यात पुढे आक्का, लुगड्याचा काष्टा घट्ट, हातात भावाच्या अंगावर घालायला वाटेत थांबून घेतलेलं पांढरं कोरं कापड. "माझ्या तम्मा रंऽऽ" म्हणत त्या फाटकात आल्या, आणि फाटकात तम्मा उभा. तीन पावलं मागे, उजव्या अंगाला, फाईल घेऊन.

रडणं कापल्यासारखं थांबलं. आक्कांनी भावाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग हातातलं कोरं कापड दुहेरी केलं आणि त्यानेच त्याला झोडपायला सुरुवात केली. "मेलास म्हणं! मेलास म्हणं! जित्ता हाईस न्हवं? आता मीच मारतो तुला!" बेलीफाच्या अंगावर आलेल्या वस्तूंच्या यादीत त्या दिवशी कफनाची भर पडली. मालक मार खात होते आणि सांगत होते, "आक्के, तालीम हुती गं, तालीम!" त्याने तर त्या आणखी भडकल्या.

मार थांबला तो एका वेगळ्याच प्रश्नावर. जमलेल्यांतल्या एका वयस्क पाहुण्याने विचारलं, "आता अंघुळीचं काय?"

मयतीला गेलेल्या माणसाने अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, हे सगळ्यांना माहीत. पण मयतच झाली नाही तर? फाटकातच वाद रंगला.

"मढंच न्हाई, तर इटाळ कशाचा?"

"आरं पर आपण घरातनं निघालोय ते मयतीलाच की!"

"रस्त्यात रडलो बी हाय. त्ये काय खोटं हुतं व्हय?"

शेवटी त्या वयस्क पाहुण्यानेच निकाल दिला, की निघालो मयतीला, रडलो मयतीचं, तर अंघोळही मयतीचीच. मालकांना हा युक्तिवाद इतका पटला की त्यांनी लगेच मोटर चालू केली. चौदाव्या माणसाला टाकी संपली. उरलेले आठ जण समोरच्या गॅलरीवाल्या बाईंकडे गेले, आणि त्या बाईंनी सवयीने विचारलं, "सही कुठं करू?" मी, आक्कांबरोबर आलेल्या दोघी आणि एक मोठं पातेलं, अशा आम्ही आमटी-भाताला लागलो. त्या घरात पंगत बसलेली मी पहिल्यांदा बघितली. मालक वाढत होते. चेहऱ्यावर काळजी होती, पण वाढताना आग्रह करत होते.

जेवणं झाल्यावर भाऊ-बहीण बैठकीत समोरासमोर बसले. मी दारातच होते, मला कुणी जा म्हटलं नाही.

"त्या पोरांच्या हातात देणार तू सवताला? चिरायला?"

"डागदर व्हायची पोरं हाईत आक्का. शिकत्यात."

"शिकू देत की. दुसऱ्यावर शिकू देत." मग त्यांचा आवाज खाली आला. "तम्मा, आप्पाची रक्षा मी शेतात घातली. नारळ लावला. आईची घातली, आंबा लावला. तिसरा खड्डा तुझा काढून ठेवलाय मी, दोन वर्सं झाली. तुला त्ये कॉलेज नेणार. मग माझ्या खड्ड्यात काय घालू? तुझा फारम?"

त्या भागात रक्षा, म्हणजे चितेची राख, नदीत न सोडता आपल्याच शेतात घालतात आणि वर झाड लावतात. तिसऱ्या दिवशी सगळं गाव त्या खड्ड्याशी जमतं. देह नाही तर रक्षा नाही, रक्षा नाही तर गाव कुठे जमणार? आक्कांचा मुद्दा बिनतोड होता. आणि एखाद्या माणसासाठी कुणीतरी दोन वर्षं खड्डा राखून ठेवतं, ही गोष्ट मला हसण्यासारखी वाटायला हवी होती, तशी वाटली नाही.

मालक उठले आणि कपाटातून पेढ्यांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यावर चिठ्ठी, 'अस्थी. जिवंतपणी काढलेल्या. नग अकरा.' आत त्यांचे दात होते. डॉक्टरांनी वेळोवेळी उपटलेले, एकेक कागदात गुंडाळलेला, वर तारीख.

"तुझा हिस्सा," ते म्हणाले. "ठिवलेत तुझ्यासाठीच. देह त्यास्नी, अस्थी तुला."

आक्कांनी डब्यात बघितलं. "किडक्या दाताचं झाड लावू व्हय मी?" म्हणून डबा बाजूला सारला. "मी जित्ती हाय तवर माझी हरकत हाय. लिवून घे."

आणि मालकांनी खरंच लिहून घेतली. आक्का सांगत होत्या ते त्यांना कच्चं वाटलं. "असं न्हाई टिकायचं आक्का, थांब," म्हणत स्वतःविरुद्धची हरकत त्यांनी स्वतःच पक्की करून दिली, मुद्देवार, 'सबब सदर देह कोणाही संस्थेचे ताब्यात देण्यास माझी सक्त हरकत आहे' इथपर्यंत. आक्कांनी सही केली. खाली पंच म्हणून माझी. कागद फाईलमध्ये, फॉर्मच्या बरोबर वर लागला.

जीप गेल्या, आणि संध्याकाळी मालकांच्या लक्षात आलं की दातांचा डबा जागेवर नाही.

त्यांनी पंचनामा केला. मुद्देमाल गहाळ, नग अकरा. संशयित म्हणून बावीस पाहुणे, शेजारचं मांजर आणि मी. चार महिने ते मला गाठून हळूच विचारत, "म्याडम, चुकून तुमच्या सामानात काय..." मी म्हणायचे, "मालक, माझे बत्तीस शाबूत आहेत." ते विश्वास ठेवत, पण पूर्ण नाही.

त्यानंतर दर भाऊबीजेला ते फाईल घेऊन गावाला जायचे, आक्कांची हरकत मागे घेऊन यायला. दर वेळी नवी लिहून देऊन यायचे. सोबत भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. "मळ्याकडं चल म्हटलं तर न्हेत न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई. म्हणते, तू दारात आलायस, दारातच बोल," असं तक्रारीने सांगायचे, आणि लगेच खुलून, "हरकत कायम हाय बगा!" इतका आनंद मी खटला जिंकलेल्या माणसाच्या तोंडावरही बघितलेला नाही.

अशा चार भाऊबिजा झाल्या. पाचव्या वर्षी, पावसाळा सरताना, आक्का गेल्या. झोपेत, कुणाला काही न सांगता. त्या खरंच गेल्या का, हे मालकांनी फोनवर तीनदा विचारलं.

तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनाला मी मुलाबरोबर गेले. सकाळी नऊची वेळ, सगळा गाव शेताकडे निघालेला. मालक पुढे, हातात रक्षेचं गाडगं. आक्कांना आईशेजारीच ठेवायचं ठरलं होतं. नारळ आला, मग आंबा. आणि आंब्याच्या पलीकडे, जिथे मालकांचा रिकामा खड्डा असायला हवा होता, तिथे छातीइतका फणस उभा होता. भोवती आळं, आळ्याला दगडांची कड.

मालक म्हणाले, "ह्यो कुणाचा?"

अंघोळीचा निकाल देणारा तो वयस्क पाहुणा तिथेच होता. "तुमचाच की," तो म्हणाला. "त्या तालमीस्नं आल्या आल्या दुसऱ्या दिवशी लावला आक्कानं. पदराखालनं कसला पत्र्याचा डबा आणलता, त्यो वतला आत. रोज कळशीनं पाणी. इचारलं तर म्हणायची, भावाचा ताबा घेतलाय मी, तुम्ही कुणाला बोलू नका."

मालक झाडाकडे बघत राहिले. मग नकळत तीन पावलं मागे सरले आणि उजव्या अंगाला उभे राहिले. पण त्या दारातून काही अंगावर येणार नव्हतं. खिशातून पेन काढून त्यांनी माझ्याकडे दिलं. "म्याडम, लिवा. आज रोजी समक्ष पाहणी केली असता..." पुढचं त्यांना सांगता आलं नाही. मालकांना रडताना मी तेव्हाच काय ते पाहिलं. रडता रडता झाडाला रागावत होते, "चार वर्सं मला खेटं घालाय लावलंस व्हय गं? चार वर्सं?"

त्यानंतर मी एकदा त्यांना म्हटलं, आता तरी ती हरकत फाईलमधून काढा. नाही म्हणाले. "ऱ्हाऊ दे. एवढं पक्कं लिवलेलं पुन्ना हुणार न्हाई." भाऊबीजेला मात्र ते घरातच बसून राहिले, आणि मी वर बोलावलं तर पहिल्यांदाच माझ्या खोलीत येऊन चहा प्याले. दार न वाजवता आले होते.

गेल्या वर्षी ते गेले. रविवार नव्हता, सकाळचे नऊही नव्हते, बाकी सगळं तालमीसारखं. मुलाने चष्मा काढून ठेवला. मी यादीचं पान आधी उलटून पाहिलं, मग एकेक फोन लावला. कॉलेजची गाडी आली. एक तरुण डॉक्टरीणबाई आणि दोन माणसं फाटकातून आत आली, चपला काढून चटईपाशी गेली, आणि उचलण्याआधी तिघांनी मालकांना हात जोडले.

मग तिने मुलापुढे फॉर्म धरला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "जवळच्या नातेवाइकांपैकी कुणाची हरकत?"

"कुणाचीच नाही," मुलगा म्हणाला. 'बघू' म्हणाला नाही.

"आहे," मी म्हटलं. "लेखी आहे."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी फाईल उघडली आणि आक्कांचा कागद काढला. मालकांचं वळणदार अक्षर, खाली आक्कांची सही, त्याखाली माझी. डॉक्टरीणबाईने तो पूर्ण वाचला. "मग आम्हाला नेता येणार नाही हो," ती काळजीने म्हणाली.

मी मालकांच्या खिशातलं पेन घेतलं आणि कागदाच्या शेवटी, राहिलेल्या जागेत लिहिलं: हरकतदारांना त्यांच्या हिश्श्याचा ताबा पूर्वीच मिळाला आहे. झाड समक्ष पाहिले. हरकत निकाली.